उन्हाळी परसबागेची तोडणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेली भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका मार्च-एप्रिलमध्ये फळू लागतात. त्याच सुमारास दारचा आंबा भरत आलेला असतो आणि पपईवर पिवळी झाक दिसू लागते. बी कधी पेरायचं, खत किती घालायचं, पाणी कधी द्यायचं हे आपण चार जणांना विचारून करतो. तोडणीच्या बाबतीत मात्र ऐकीव गोष्टींवर भिस्त ठेवतो. मग भेंडी निबर निघते, कलिंगड पांचट निघतं, आंबा पिकण्याऐवजी सुरकुततो आणि दोष जातो बियाण्याला.

तोडणीतली बरीच कोडी एका गोष्टीने सुटतात. झाड फळ धरतं ते बी तयार करण्यासाठी. भेंडी, गवार, काकडी, दुधी, दोडका, वांगी ही फळं आपण बी कोवळं असतानाच खातो. कलिंगड, लिंबू, जांभूळ, द्राक्ष झाडावरच पूर्ण तयार व्हावी लागतात. तोडल्यावर ती पिकत नाहीत. आंबा, चिकू, पपई, केळं, पेरू, टोमॅटो ही फळं तयार झाल्यावर तोडली तरी घरात पिकतात. आपल्यासमोरचं फळ या तीनपैकी कुठल्या गटातलं, हे आधी ठरवावं.

गैरसमज: भाजी जितकी मोठी होऊ द्यावी तितकं उत्पन्न जास्त.

वस्तुस्थिती: पहिल्या गटातल्या भाज्यांना हे मुळीच लागू पडत नाही. वेलीवर एक काकडी जून होऊ लागली की झाडाचं अन्न तिच्यातलं बी भरण्याकडे वळतं आणि नवी फुलं, नवी फळं धरणं मंदावतं. भेंडीचंही तसंच. वेळच्या वेळी तोडत राहिलं तर झाड पुन्हा पुन्हा फुलत राहतं. म्हणून तोडणी हाही झाडाच्या निगराणीचाच भाग आहे.

भेंडीची पहिली तोडणी पेरणीनंतर साधारण ४५ ते ५० दिवसांनी येते. फूल उमलल्यापासून पाच-सहा दिवसांत शेंग भाजीजोगी होते, आणि उन्हाळ्यात ती दोन दिवसांत निबर होते. त्यामुळे दिवसाआड तोडणी चुकवू नये. भेंडीचं टोक बोटाने वाकवून पाहावं. कटकन मोडलं तर कोवळी. नुसतं वाकलं आणि धागे दिसले तर वेळ टळली. अशी निबर शेंग खायच्या कामाची नसली तरी झाडावर ठेवू नये. गावी जायचं असेल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवावं की भाजी तोडून न्या. त्यांची सोय होते आणि आपलं झाडही फुलत राहतं.

वांग्याची खूण त्याच्या चकाकीत असते. साल तुकतुकीत असेपर्यंत वांगं कोवळं. साल मंदावली की आत बिया तपकिरी होऊ लागतात आणि चवीत कडवटपणा येतो. दोडक्याच्या शिरा नखाने सहज दबल्या पाहिजेत. बियाण्यासाठी एखादं फळ राखायचंच असेल तर हंगाम संपत आल्यावर निरोगी झाडावरचं एकच राखावं.

गैरसमज: कोवळ्या दुधीला बोट दाखवलं की तो कुजतो.

वस्तुस्थिती: हा समज घरोघरी आहे, आणि लोकांनी पाहिलेलं खोटं नाही. काल दिसलेला बोटभर दुधी दोन-तीन दिवसांत खरोखर पिवळा पडून गळतो. फक्त त्याचं कारण बोट नाही. दुधी, दोडका, काकडी, कारलं, भोपळा यांच्या वेलीवर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. मादी फुलाच्या मागे इवलंसं फळ आधीपासूनच असतं. आपल्याला वाटतं फळ धरलं, पण परागीभवन अजून व्हायचं असतं. नर फुलातला पराग मादी फुलापर्यंत पोचला नाही तर ते चिमुकलं फळ गळणारच. कडक उन्हात परागाचा जोम कमी होतो आणि इमारतींच्या गच्चीवर मधमाश्याही कमी फिरकतात, त्यामुळे उन्हाळ्यात हे जास्त दिसतं.

उपाय सोपा आहे. ताजं उमललेलं नर फूल तोडावं, पाकळ्या बाजूला साराव्यात आणि त्यातला पराग मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवावा. काकडी, कारलं, भोपळा यांची फुलं सकाळी उमलतात, म्हणून हे काम सकाळी करावं. दुधी आणि दोडका संध्याकाळी फुलतात. त्यांच्यासाठी दिवेलागणीची वेळ धरावी.

फळ धरल्यावर कुजत असेल तर फळमाशीचा संशय घ्यावा. ही माशी कोवळ्या सालीखाली अंडी घालते, अळ्या आतला गर खातात आणि फळ वाकडं होऊन सडतं. फळ लहान असतानाच त्यावर कागदी किंवा कापडी पिशवी बांधावी. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू ल्युरचा सापळा मिळतो, तो लावावा. किडलेली फळं उघड्या खतात टाकू नयेत; खोल पुरावीत, नाहीतर त्याच अळ्यांपासून पुढची पिढी तयार होते.

गैरसमज: पाळी चालू असताना बाईने हात लावला की वेल वाळतो.

वस्तुस्थिती: पाळीचा झाडावर कसलाही परिणाम होत नाही. उन्हाळ्यात दुपारी रुंद पानांचे वेल माना टाकतात, कारण पानांतून उडून जाणारं पाणी मुळांना तितक्या वेगाने पुरवता येत नाही. संध्याकाळी ते सावरतात. सकाळीही वेल मलूल दिसला तर माती बोटभर उकरून ओल पाहावी, मूळकूज किंवा खोडातली कीड तपासावी. परसबागेची बहुतेक मेहनत घरातल्या बायकाच करतात. त्यांनाच महिन्यातले चार दिवस बागेपासून लांब ठेवणं हा अन्याय आहे, आणि त्या चार दिवसांत भाजी निबर होते हे नुकसान वेगळंच.

गैरसमज: कडू दुधी औषधी असतो, शिजवला की कडूपणा जातो.

वस्तुस्थिती: इथे चूक जिवावर बेतू शकते. कारल्याचा कडूपणा हा त्याचा मूळ गुण आहे. दुधी, दोडका, भोपळा कडू लागणं ही मात्र धोक्याची सूचना आहे. या वर्गातल्या वेली आपल्या रक्षणासाठी क्युकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं बनवतात. खाण्याच्या जातींत त्यांचं प्रमाण अगदी कमी असतं. पण बियाणं कडू वाणाशी संकरित झालेलं असेल, किंवा वेलाला उष्णता आणि पाण्याचा मोठा ताण बसला असेल, तर ते वाढू शकतं. असा दुधी पोटात गेला तर जोरदार उलट्या, जुलाब, पोटात रक्तस्राव, रक्तदाब कोसळणं असे प्रकार होतात. कडू दुधीच्या रसाने आपल्या देशात मृत्यूही झाले आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांचा यावरचा अहवाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. कडू लागलेला दुधीचा रस पिऊ नये, असं त्यात बजावलेलं आहे. शिजवल्यावर ही द्रव्यं नाहीशी होतील या भरवशावर राहू नये.

म्हणून प्रत्येक दुधी चिरताना एक लहानशी फोड जिभेला लावून पाहावी. कडू लागली तर थुंकावी आणि अख्खं फळ टाकून द्यावं. घरचं आहे, वाया कशाला घालवायचं, हा विचार इथे करू नये.

काकडीचं टोक कापून चोळण्याची रीतही यातूनच आली आहे. चोळल्यावर येणारा फेस हा काकडीचा चीक असतो. तेवढ्याने सगळी काकडी गोड होत नाही. कडू द्रव्य देठाकडच्या भागात आणि सालीलगत जास्त असतं, त्यामुळे देठाकडची जाड चकती कापून साल काढल्याचा खरा उपयोग होतो. त्यानंतरही काकडी कडूच लागली तर ती खाऊ नये.

गैरसमज: टोमॅटो लाल होईपर्यंत झाडावर, उन्हातच हवा.

वस्तुस्थिती: टोमॅटो पिकायला ऊन लागत नाही, योग्य तापमान लागतं. त्याचा लाल रंग लायकोपिन या द्रव्याचा. ३० अंश सेल्सिअसच्या वर ते नीट तयार होत नाही. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४० च्या पुढे जातो तेव्हा झाडावरचे टोमॅटो पिवळट-नारिंगीच राहतात, आणि थेट उन्हाकडच्या बाजूला पांढरट चट्टे पडतात. टोमॅटोच्या खालच्या टोकाला गुलाबीसर छटा दिसली की तो तोडावा आणि घरात सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. चवीत फारसा फरक पडत नाही, आणि पक्षी व फळ पोखरणारी अळी यांच्यापासूनही तो वाचतो. ऊन लागावं म्हणून झाडाची पानं खुडू नयेत. तीच फळाची सावली आहेत.

गैरसमज: आंबा झाडावरच पिकलेला सर्वांत चांगला.

वस्तुस्थिती: पाडाच्या आंब्याचं कौतुक आपल्याला असतंच, पण पाड लागणं ही मुळात झाडावरची बाकीची फळं तयार झाल्याची खूण आहे. हापूस झाडावर फार काळ राहिला की आत साका होण्याचा धोका वाढतो. साका झालेला आंबा वरून निर्दोष दिसतो आणि कापल्यावर आत पांढरट, आंबूस, भुसभुशीत गर निघतो. म्हणून कोकणातले बागायतदार हापूस चौदा आणे, म्हणजे साधारण ८५ टक्के तयार झाला की काढतात.

तयार फळाचे खांदे देठाच्या वर उचललेले दिसतात आणि देठाशी खळगा पडतो. हिरवा रंग गडदपणा सोडून फिका होतो. शंका असेल तर काढलेलं एक फळ पाण्यात टाकावं. भरलेला आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. काठीने झोडपून आंबे पाडू नयेत. आपटलेला आंबा पिकण्याआधी सडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला ‘नूतन झेला’ याचसाठी आहे. त्याच्या पात्याने देठ कापला जातो आणि फळ जाळीत अलगद पडतं. देठ थोडा राखून आंबा काढला की चीक सालीवर ओघळत नाही आणि काळे डाग पडत नाहीत. आंबे उन्हं चढण्याआधी काढावेत आणि तापलेल्या जमिनीवर न ठेवता लगेच सावलीत न्यावेत. जमिनीची धगही साक्याला कारण ठरते.

पुढे भाताच्या पेंढ्यात आढी घातली की काम झालं. पिकणारं फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि त्याने शेजारची फळंही पिकतात. पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाइड वापरायला २०११ च्या अन्नसुरक्षा नियमांनी बंदी आहे, आणि घरच्या फळांना तर त्याची गरजच नाही.

चिकूचं गणित वेगळं. त्याचा रंग फारसं काही सांगत नाही. सालीवरचा तपकिरी भुसा अंगठ्याने चोळून पाहावा. तयार फळावरून तो सहज निघतो. मग नखाने हलकीशी रेघ ओढावी. खाली पिवळसर दिसलं तर फळ काढावं. हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर आणखी थांबावं. पपईच्या टोकाकडे पिवळा पट्टा उमटला आणि चीक दुधासारखा न येता पाणचट येऊ लागला की ती तोडता येते.

गैरसमज: कलिंगड कच्चं निघालं तर घरात ठेवून पिकतं.

वस्तुस्थिती: कलिंगड वेलीवरून तुटल्यावर गोड होत नाही. म्हणून तोडण्याआधीच तीन खुणा पाहाव्यात. फळाच्या देठालगतचा तणावा वाळलेला हवा. जमिनीला टेकलेला पांढरा डाग लोण्यासारखा पिवळट झालेला हवा. टिचकी मारल्यावर टणटणीत आवाज आला तर कच्चं, बद्द आवाज आला तर तयार. एकाच खुणेवर विसंबू नये. लिंबाचं मात्र सालीच्या पिवळेपणावर ठरवू नका. आपल्या उष्ण हवेत हिरवट लिंबूही रसाने भरलेलं असतं. साल पातळ, गुळगुळीत आणि फळ हाताला जड लागलं की ते काढावं.

गैरसमज: तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये, झाड झोपलेलं असतं.

वस्तुस्थिती: संध्याकाळी तोडल्याने झाडाला काही इजा होत नाही. अंधारात विंचूकाट्याचं भय असतं, तेवढी काळजी पुरे. टाळायची वेळ म्हणजे दुपार. तोडलेली भाजीही श्वसन करत असते, आणि तापमान १० अंशांनी वाढलं की तिच्या श्वसनाचा वेग दुपटी-तिपटीने वाढतो. दुपारी तोडलेली मेथी-पालक म्हणूनच तासाभरात मलूल होते. सकाळी पानं पाण्याने भरलेली असतात. दव असेल तर ते उडाल्यावर आणि ऊन चढण्याआधी तोडणी करावी. फळ ओढून-पिळून तोडू नये. कात्रीने देठासकट कापावं. ओढल्याने फांदी सोलली जाते आणि त्या जखमेतून रोग शिरतो.

गैरसमज: घरची भाजी धुवायची गरज नाही, आणि आणल्याबरोबर फ्रिजमध्ये टाकली की टिकते.

वस्तुस्थिती: रसायनं फवारलेली नसली तरी माती, शेणखत आणि पक्ष्यांची विष्ठा यांतून जंतू येतातच. भाजी धुवायलाच हवी, पण वापरण्याच्या वेळी. धुऊन ओली ठेवलेली भेंडी बुळबुळीत होते आणि सडते.

फ्रिजचं तापमान बहुधा ४-५ अंश असतं. काकडी, वांगी, भेंडी, टोमॅटो या उष्ण हवेतल्या भाज्यांना १० अंशांखालची थंडी फार दिवस सोसत नाही. काकडीवर पाणचट खड्डे पडतात, वांग्याच्या बिया काळवंडतात, टोमॅटोचा वास जातो. ठेवायच्याच असतील तर कोरड्या कापडात गुंडाळून भाजीच्या खणात दोन-तीन दिवसच ठेवाव्यात. कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवला तर नंतर धड पिकत नाही.

अंगण असेल तर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष करून पाहण्याजोगा आहे. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत वाळू, आणि त्या वाळूला रोज पाणी. पाणी उडून जाताना आतली हवा थंड होते. कोरड्या हवेच्या भागात, म्हणजे मराठवाडा-विदर्भात, तो चांगला चालतो. कोकणच्या दमट हवेत तितका नाही.

उद्या सकाळी बागेत जाताना कात्री आणि उथळ टोपली बरोबर घ्या. भेंडीची टोकं वाकवून पाहा, वांग्यांची चकाकी पाहा, पानाआड लपलेली जून काकडी शोधून काढा. दिवसाआड हे केलं तर चार-दोन रोपांवरही घरापुरती भाजी मिळत राहते, आणि तीही ऐन कोवळेपणी, जी बाजारात क्वचितच मिळते.