मीठ, पोलाद आणि खाडीवरचा पूल

पदार्थांच्या अंतरंगात : लेखांक ६

पावसाळा सरला की उरण-पनवेलच्या खाजणांत मिठाचा हंगाम सुरू होतो. भरतीचं पाणी उघाडीतून आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं आणि उन्हावर आटवत न्यायचं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसत गेली आणि आगरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या राबवलेली कितीतरी मिठागरं भरावाखाली गेली. तरी या किनाऱ्याचं रसायनशास्त्र समजून घ्यायचं तर सुरुवात मिठापासूनच करावी लागते.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी आटू लागलं की ते एकदम खाली बसत नाहीत. आधी चुन्याचा क्षार, मग जिप्सम, त्यानंतर मीठ. मॅग्नेशियमचे क्षार शेवटपर्यंत पाण्यातच राहतात. ते उरलेलं कडू पाणी वेळेवर काढून टाकण्यात मिठागरातलं खरं कसब आहे. ते राहिलं तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात बरणीत ओलं होऊन पाझरतं. हवेतलं बाष्प ओढून घेणारा मुख्य घटक असतो मॅग्नेशियम क्लोराइड. सोडियमच्या आयनावर एक धनभार असतो, तर मॅग्नेशियमच्या आयनावर दोन, आणि हा आयन आकारानंही लहान. इतका एकवटलेला भार पाण्याच्या रेणूंना घट्ट धरून ठेवतो.

मागच्या लेखांकात आपण पाहिलं की सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो आणि दोघांचे आयन होतात. मिठाच्या खड्यात या आयनांच्या सुट्या जोड्या नसतात. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, अशी रचना खडा संपेपर्यंत चालू राहते. ही सगळी ओढ एकदम सैल करायची म्हणून मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. पण त्याच खड्यावर बत्ता मारा, तो फुटतो. थर किंचित सरकला की सारख्या भाराचे आयन समोरासमोर येतात आणि एकमेकांना दूर लोटतात. कोरड्या खड्यातून वीज जात नाही, कारण आयन जागचे हलू शकत नाहीत. पाण्यात विरघळल्यावर मात्र ते मोकळे होतात आणि भार वाहून नेतात. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा.

आता ठाणे-बेलापूर पट्ट्यात येऊ. इथे नोसिल कंपनीचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे नाफ्थाचे रेणू फोडून लहान रेणू बनवणारा कारखाना, १९६८ मध्ये सुरू झाला. त्यातून निघणाऱ्या इथिलीनपासून याच पट्ट्यात पॉलिइथिलीन बनू लागलं. इथिलीन उणे १०४ अंशांनाच उकळतं, म्हणजे आपल्या हवेत ते कायम वायू. पॉलिइथिलीन मात्र घट्ट घन, त्यातला दणकट प्रकार साधारण १३० अंशांना वितळतो. दोन्हींत अणू फक्त कार्बन आणि हायड्रोजनचे, दोन्हींत बंध सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारे. मग फरक कुठून आला?

‘सहसंयुज संयुगांचे द्रवणांक कमी असतात’, एवढं सांगून पाठ्यपुस्तकातला तक्ता मोकळा होतो आणि मुलं समजतात की हा बंधच दुबळा. माझ्या मते शालेय रसायनशास्त्रातला हा सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज आहे. इथिलीन उकळतं तेव्हा त्यातला एकही बंध तुटत नाही. रेणू जसाच्या तसा राहतो, फक्त शेजारच्या रेणूपासून सुटतो, आणि ती शेजारची ओढ क्षीण असते. पॉलिइथिलीनच्या साखळीत हजारो कार्बन ओवलेले असतात. लांबीभर ही क्षीण ओढ साचत जाते आणि पदार्थ घन होतो. वाळूतल्या क्वार्ट्‌झमध्ये तर सुटा रेणूच नाही, सिलिकॉन आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनीच सगळीकडे जोडलेले. तो १,६०० अंशांच्या पलीकडे वितळतो. कार्बन-कार्बन बंध इतका मजबूत, आणि पाण्याला पकड घ्यायला साखळीवर भार नाही, म्हणून तर खारफुटीच्या मुळांत अडकलेली पिशवी वर्षानुवर्षं तशीच राहते.

तिसरा बंध कळंबोलीच्या लोखंड बाजारात पाहावा. तिथली पोलादी सळई वाकते, मिठाच्या खड्यासारखी फुटत नाही. धातूमध्ये बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे राहत नाहीत, साऱ्या तुकड्यात फिरतात. थर सरकले तरी हे इलेक्ट्रॉन त्यांना बांधून ठेवतात. वीज वाहते ती याच इलेक्ट्रॉनांमुळे.

तक्त्यात हे तीन बंध तीन रकान्यांत वेगळे राहतात. खाडीत ते एकमेकांना भेटतात, आणि त्या भेटीची किंमत मोठी असते. १९७३ मध्ये खुल्या झालेल्या ठाणे खाडीच्या पहिल्या पुलात काँक्रीटच्या आतल्या पोलादाला गंजानं गाठलं. पुढे शेजारी दुसरा पूल बांधावा लागला, तो १९९७ मध्ये सुरू झाला.

काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं. त्यामुळे आतल्या सळईवर ऑक्साइडचा अतिशय पातळ, संरक्षक थर तयार होतो. खाऱ्या हवेतले आणि पाण्यातले क्लोराइड आयन काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत सळईपर्यंत पोचतात आणि तो थर जागोजागी फोडतात. फुटल्या जागी लोखंडाचा अणू इलेक्ट्रॉन सोडून आयन बनतो. सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून धावत दुसऱ्या जागी जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्याला मिळतात. वर्तुळ पुरं करायला काँक्रीटमधल्या ओलाव्यातून आयन फिरतात. म्हणजे सळईची वीजवाहकता आणि मिठाचे मोकळे आयन, दोन बंधांचे दोन गुण एकत्र येऊन इथे विजेचा घट बनतो. पॉलिइथिलीनचा पाइप याच खाडीत गंजत नाही, कारण त्याच्याकडे यांपैकी काहीच नाही. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, काँक्रीट आतून फाटतं, आणि भेगांतून आणखी क्लोराइड आत शिरतं.

यावरचे उपायही बंधांतूनच निघाले. सळईवर इपॉक्सीचा लेप देतात, म्हणजे सहसंयुज बंधांचं दाट जाळं, ज्यातून आयन सहजी जात नाहीत. पण सळई वाकवताना लेपाला ओरखडा गेला तर गंज त्या एका जागी एकवटून खोल उतरतो, म्हणून वाकवल्यावर लेप तपासणं आणि दुरुस्त करणं टाळता येत नाही. दुसरा उपाय काँक्रीटच घट्ट करण्याचा. झोतभट्टीची मळी दळून सिमेंटमध्ये मिसळली की छिद्रं बारीक होतात आणि क्लोराइडची वाट अवघड होते. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावा शेवा असा जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू सुरू झाला. त्यातले सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर आहेत आणि त्याचं आयुष्य १०० वर्षांचं धरलेलं आहे. एवढा काळ क्लोराइडला सळईपासून दूर ठेवायचं आहे.

पाणी घातल्यावर सिमेंट घट्ट होतं, ते वाळल्यामुळे नव्हे. त्यात नेमके कोणते बंध तयार होतात, ते पुढच्या आठवड्यात.