आरशाबाहेरचा कोपरा

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. त्या कारखान्याभोवती वाढलेल्या या नगरात पाळी बदलण्याची वेळ झाली, की सायकली, स्कूटर, मोटारी आणि मालट्रक यांची रस्त्यावर एकच दाटी होते. अशा दाटीत मोटारचालक आरशात पाहतो, कोणी दिसत नाही म्हणून बाजूस वळतो, आणि त्याच क्षणी शेजारून कोणाचा तरी हॉर्न कर्कशपणे वाजतो. शेजारी वाहन होते. आरशात मात्र ते नव्हते.

असे का व्हावे? मधला आरसा मागचा रस्ता दाखवितो, तर बाजूचे आरसे बाजूची एक अरुंद पट्टी. या दोहोंमध्ये, चालकाच्या खांद्यामागे, एक कोपरा उरतो. त्यास ‘ब्लाइंड स्पॉट’ म्हणतात. आपण अंधक्षेत्र म्हणू. बहिर्वक्र आरशाने ते आकुंचन पावते खरे; परंतु त्यात मागचे वाहन लहान, आणि म्हणून असते त्याहून दूर भासते.

या कोपऱ्यावर पहारा ठेवण्यासाठी स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने २००४ च्या सुमारास बाजूच्या आरशांखाली छोटे कॅमेरे बसविले. आज हे काम बहुधा रडारकडे असते. मागच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आवरणाआड, ही यंत्रे दडलेली असतात. त्यांनी सोडलेल्या रेडिओलहरी शेजारच्या वाहनावर आदळून परततात. वाहन १५ मीटरांवर असेल, तर हा जाण्यायेण्याचा प्रवास सेकंदाच्या एककोटीव्या भागात पुरा होतो. या वेळेवरून अंतर कळते, आणि लहरींच्या कंपनसंख्येत पडलेल्या फरकावरून वेग. रस्त्याकडेचा खांब मोटारीच्याच वेगाने मागे सरकतो. म्हणून त्याची गणना होत नाही. मागून येणाऱ्या वाहनाची मात्र तत्काळ नोंद होते. आपला वेग ताशी ५४ किलोमीटर आणि मागच्या स्कूटरचा ७२ असला, तर ती दर सेकंदास ५ मीटर जवळ येते. १५ मीटरांचे अंतर तीन सेकंदांत संपते. आरशावर छोटा दिवा लागतो, आणि चालकाने तरीही त्या बाजूस वळण्याचा इशारा दिला, तर बहुतेक मोटारींत घंटीही वाजते.

परंतु बंपरवर चिखल साचला, की हा पहारेकरी गोंधळतो. शिवाय खरा धोका सायकलस्वारास आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. त्यामुळे उंच ट्रकच्या डाव्या अंगाचा मोठा भाग त्यास दिसत नाही, आणि डावीकडे वळताना चाकाखाली येतो तो तेथला सायकलस्वारच. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून नव्या ट्रक व बसगाड्यांवर असा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे.

आपल्या रस्त्यांवरील असंख्य जुन्या ट्रकांवर ती नाही. तेव्हा सायकलस्वाराने एक साधा नियम स्मरणात ठेवावा. प्रकाशाची वाट जाण्यायेण्यास एकच असते. म्हणून ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपणांस दिसत नसेल, तर आपणही त्यास त्या आरशात दिसत नाही. अशा वेळी मागे थांबावे.