सोपारा ते अकलोली : ऊन पाण्याच्या काठी एक दिवस

घराबाहेर पडण्याचे आपल्या कुटुंबांना दोनच प्रकार ठाऊक आहेत. एक, अभिवादनासाठी जाणे. दीक्षाभूमी, चैत्यभूमी, महाड. दुसरा, लग्नकार्यासाठी वा मयतीसाठी गावी जाणे. मुलांना डोंगर-नदीची ओळख व्हावी, घरातील वडीलधाऱ्यांच्या दुखऱ्या सांध्यांना ऊन पाण्याचा शेक मिळावा, एवढ्याचसाठी एक रविवार खर्ची घालणे याला आपल्याकडे अजून चैन म्हणतात. मिरा-भाईंदरमधील आम्ही सहा कुटुंबांनी गेल्या फेब्रुवारीत ही चैन करून पाहिली. इतर बांधव-भगिनींनाही ती करता यावी म्हणून हा लेखनप्रपंच.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही गरम पाण्याच्या कुंडांची ठिकाणे भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या खोऱ्यात आहेत. भाईंदरहून अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. सहलवाल्यांच्या गाड्या तेथे नेहमीच जातात. परंतु त्यांचा सारा दिवस देवदर्शनाच्या रांगेत जातो आणि कुंडाच्या वाट्याला अर्धा तास येतो. आम्हाला जे पाहावयाचे होते ते त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हते. म्हणून सतरा आसनांचा टेम्पो ट्रॅव्हलर दिवसभरासाठी ठरविला आणि सोबत वाटाड्या म्हणून भूगोलाचे एक निवृत्त शिक्षक घेतले. हे गुरुजी मूळचे वाडा तालुक्यातले. त्या रस्त्यावरची झाडे त्यांना नावानिशी ठाऊक. गाडीचे ७,५०० रुपये, गुरुजींना मानधन १,५०० रुपये, एकूण ९,०००. आम्ही पंधराजण, म्हणजे दरडोई ६०० रुपये. जेवण घरून. गुरुजी मानधन घ्यायला तयार नव्हते, परंतु ज्ञानाचे मोल फुकट घेण्याची सवय आपण सोडली पाहिजे असा आमचा आग्रह होता, आणि तो त्यांनी मानला.

सकाळी सहाला काशिमिऱ्यावरून निघालो. वर्सोव्याच्या पुलावर गुरुजींनी पहिला धडा दिला. रोज रेल्वेने खाडी ओलांडणाऱ्या आपल्यातील किती जणांना माहीत आहे, की ही वसईची खाडी म्हणजे सह्याद्रीत उगम पावलेल्या उल्हास नदीचे मुख होय? मुलांना माहीत नव्हते. मोठ्यांपैकी एकाला माहीत होते, आणि ते दिवसभर त्यांनी आम्हाला विसरू दिले नाही.

कुंडाकडे जाण्याआधी आम्ही गाडी नालासोपाऱ्याला वळविली. वाट थोडी वाकडी होते आणि शहरातील वाहतूक अंगावर येते, तरीही हे करावेच. सोपारा म्हणजे पाली ग्रंथांतले सुप्पारक बंदर. येथल्या स्तूपाला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी पेटी निघाली, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक, सोन्याची फुले आणि भिक्षापात्राचे मानलेले तुकडे. याच सुमारास सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुटका भागही हाती लागला.

हा आठवा लेख कशाविषयी आहे, हे गुरुजींनी स्तूपाच्या कडेला उभे राहून सांगितले तेव्हा आम्ही एकमेकांकडे पाहिले. तो सहलीविषयीच आहे! पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकारीला आणि मौजेला. अशोकाने राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे आजच्या बोधगयेला जाऊन ती रीत मोडली आणि धम्मयात्रा सुरू केल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी होत, वृद्धांना दान मिळे आणि राजा खेड्यापाड्यातील माणसांना भेटून त्यांच्याशी बोले. त्यातच आपल्याला अधिक आनंद होतो, असे तो लिहून ठेवतो. आनंद वर्ज्य करा असे त्याने म्हटलेले नाही, ही गोष्ट आमच्यातील एका कडक कार्यकर्त्या मित्रास आम्ही मुद्दाम दाखवून दिली.

शिरसाड फाट्यावर महामार्ग सोडला की डावी-उजवीकडे रान सुरू होते. उजव्या हाताला तुंगारेश्वराचे डोंगर. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलतो. निष्पर्ण फांद्यांवर केशरी फुले आणि मधूनच काटेसावर. पारोळ, उसगाव मागे पडेपर्यंत मुले पळस मोजीत होती. याच रस्त्याच्या कडेने वीटभट्ट्याही लागतात. भट्टीवर राबणारी कुटुंबे बहुतेक आदिवासी. त्यांची मुले विटांच्या थप्प्यांतून आमच्या गाडीकडे पाहत होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. गुरुजींनी गाडी थांबवावयास सांगितली नाही, पण तो कायदा काय आहे हे मुलांना सांगण्यापुरते ते पुढच्या आसनावरून उठून मागे येऊन बसले.

अकलोलीला पोहोचेपर्यंत दहा वाजले. तानसेच्या काठाला बांधलेली कुंडे आहेत, पात्रातही झरे आहेत. ही तीच तानसा, जिच्यावर पुढे शहापूर तालुक्यात बांधलेल्या धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबई पीत आली आहे. उतरताच नाकात वास शिरतो, काडेपेटीचा म्हणा वा नासक्या अंड्याचा म्हणा. तो गंधकयुक्त वायूचा वास. मुलांनी नाके धरली.

“हे पाणी का तापते?” हा प्रश्न मुलांनी विचारण्याआधीच काठावरच्या एका गृहस्थांनी उत्तर दिले. देवीने राक्षस मारले, त्यांचे हे रक्त, म्हणून ऊन. ही कथा तेथे सर्रास सांगितली जाते. पुराणांनी राक्षस आणि दैत्य कोणाला म्हटले याविषयी आमचे वाचक पुरेसे जाणते आहेत. अधिक लिहीत नाही. गुरुजींनी त्या गृहस्थांशी वाद घातला नाही. खिशातून प्रयोगशाळेतला तापमापक काढला आणि मुलांच्या हाती दिला. मुलांनी कुंडाकुंडांतून तो बुडवून आकडे वहीत लिहिले. शेजारशेजारच्या कुंडांचे आकडेही एक आले नाहीत. मग गुरुजी बोलू लागले.

पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खाली झिरपते. जमिनीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते; दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस. खोलवर तापलेले हे पाणी, जेथे मोठी भेग सापडते तेथून पुन्हा वर येते. वर येताना थंड पाण्यात किती मिसळले यावर त्याची ऊब ठरते, म्हणून कुंडागणिक आकडा वेगळा. येथे जिवंत ज्वालामुखी नाही. शेजारच्या मंदाग्नी डोंगराविषयी तसे सांगतात खरे, परंतु आपल्या दख्खनचा लाव्हा थंड होऊन सुमारे साडेसहा कोटी वर्षे झाली. पालघर जिल्ह्यातील कोकनेर, सातिवलीपासून खाली थेट राजापूरपर्यंत समुद्रकिनाऱ्याला समांतर अशी गरम झऱ्यांची एक रांगच आहे. कोठे पाणी नुसते कोमट, कोठे सत्तर अंशांच्या जवळपास. गावांची नावेच पाहा : पालीजवळचे उन्हेरे, दापोली-खेडकडचे उन्हवरे, राजापूरचे उन्हाळे. आपल्या पूर्वजांनी नावे ठेवताना देवाला आणले नाही. पाणी ऊन आहे, एवढेच म्हटले.

आमच्यासोबत ऐंशीला टेकलेल्या एक आजी होत्या, सुनेबरोबर आलेल्या. खरे तर त्यांच्या गुडघ्यांसाठीच ही सहल निघाली होती. सर्व स्त्रिया कुंडात उतरल्या, आजी मात्र वरच्या पायरीवर उभ्या. सुनेला वाटले, घसरण्याची भीती. ती हात धरावयास वर आली तर म्हणाल्या, “तुम्ही करा गो आंघोळ. मी खाली वाहून जातंय ना, त्या पाण्यात पाय धुते.”

आजींचे माहेर दक्षिण कोकणातले. गावाशेजारी असेच कुंड होते. कुंडाच्या पायऱ्या वरच्या आळीच्या. कुंडातून वाहून, निवून, चार घरांचे कपडे धुवून जे पाणी ओढ्याला मिळे, ते महारवाड्याचे. “हिवाळ्यात लहान पोरांना वाटायचं, एकदा तरी ऊन ऊन पाण्यात बसावं. आई म्हणायची, नको ग, मारतील.” हे सन ५४-५५ चे. म्हणजे राज्यघटना अमलात येऊन चार-पाच वर्षे झाली होती.

अनुच्छेद १५ आपण भाषणांतून नेहमी ऐकतो. त्याचे दुसरे कलम मात्र शब्दशः वाचावे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणाही नागरिकाला मज्जाव करता येणार नाही अशा जागांच्या यादीत विहिरी आहेत, तलाव आहेत, रस्ते आहेत आणि स्पष्टपणे ‘स्नानघाट’ आहेत. सरकारी पैशातून राखलेले वा सर्वांच्या वापरासाठी दिलेले. ही यादी हवेतून आलेली नाही. रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तो स्वीकारला, तरी ओंजळभर पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर जावे लागले. त्यावर खटला चालला तो १९३७ सालापर्यंत, उच्च न्यायालयात. इतके सारे झाल्यावर ‘तलाव’ आणि ‘स्नानघाट’ हे शब्द घटनेत बसले आहेत.

आम्ही हे सारे आजींना सांगत बसलो नाही. सुनेने एवढेच म्हटले, “आई, या. इथं कोण विचारतंय?” आणि खरोखरच कोणी विचारले नाही. शेजारी ठाण्याकडचे एक गुजराती कुटुंब होते, त्यातील बाईंनी सरकून जागा दिली. आजी तीन पायऱ्या उतरल्या, गुडघ्यापर्यंत पाय सोडून बसल्या. पुष्कळ वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरंच कढत आहे की.”

कुंडात स्नान केल्याने पाप धुतले जाते का, हा प्रश्न आमच्या मुलींपैकी एकीने काढला. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी. थंडीत कुडकुडत नदीवर जाणारी. पुण्यासाठी गार पाण्यात बुड्या मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले, की असे असेल तर बेडूक-कासवे आधीच स्वर्गात गेली असतील ना? मुलींना ही पुण्णिका फारच आवडली. परंतु ऊन पाण्यात बसूच नये असे कोठे नाही. राजगृहाच्या तपोदा झऱ्यावर तर खुद्द भिक्खू स्नानाला जात. एकदा राजा बिंबिसार तेथे आला आणि भिक्खूंचे होईपर्यंत बाजूला थांबून राहिला. अंधार पडला तरी भिक्खू काही बाहेर येईनात. शेवटी राजाचे स्नान झाले तेव्हा नगराचे दरवाजे बंद होऊन गेले होते आणि त्याला रात्र बाहेर काढावी लागली. हे कळल्यावर तथागतांनी भिक्खूंना बोल लावला आणि पंधरवड्यातून एकदाच स्नानाचा नियम घातला. पुढे उन्हाळा, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास यांसाठी त्यात सूट दिली. कुंडाबाहेर ताटकळणारी माणसे पाहून आमच्या मित्राने ही गोष्ट मोठ्याने सांगितली, त्यामुळे आमची मुले तरी पटकन बाहेर आली.

आता काही व्यवहाराचे. ऊन पाण्याने आखडलेले स्नायू सैल होतात, सांध्यांना तात्पुरता आराम पडतो, हे खरे. त्वचारोग बरा होतो, लकवा जातो, या गोष्टींवर विसंबून डॉक्टरांची औषधे बंद करू नयेत. हृदयविकार वा रक्तदाब असलेल्यांनी आणि गरोदर भगिनींनी कुंडात पूर्ण उतरू नये. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना भाजलेले कळत नाही. त्यांनी आधी दुसऱ्याच्या हाताने पाणी पाहून घ्यावे. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. पाणी नाकातोंडात जाऊ देऊ नये, जखम असल्यास उतरू नये, साबण लावू नये. शक्यतो सकाळी लवकर जावे. दुपारी गर्दी वाढते आणि पाणी गढूळ होते. स्त्रियांना कपडे बदलावयास आडोसा अपुरा पडतो, तेव्हा जुनी चादर आणि दोन दोऱ्या बरोबर असाव्यात. आमच्या भगिनींनी हे ऐनवेळी ओढण्यांवर भागविले.

वज्रेश्वरीचे देऊळ बाहेरून किल्ल्यासारखे दिसते. १७३९ साली वसई जिंकल्यावर चिमाजी आप्पांनी ते बांधविले. इतिहास म्हणून ते गाडीतून पाहिले आणि गणेशपुरीच्या वाटेवर सावलीत डबे उघडले. भाकरी, सुकटाची चटणी, वांग्याचे भरीत. गुरुजींनी घरून नाचणीचे लाडू आणले होते. परतीच्या वाटेवर गाडीतील निम्मी माणसे झोपली होती. संध्याकाळी सहाच्या आत भाईंदर.

दुसऱ्या दिवशी आजींचे गुडघे पुन्हा दुखू लागले, हेही सांगावयास हवे.

आता महाडची विचारणा चालू आहे. महाडजवळ सावित्री नदीच्या काठी सव येथेही गरम पाण्याचे झरे आहेत आणि मुंबई-गोवा महामार्गालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. २० मार्चला तेथे अलोट गर्दी असते, त्या दिवशी हे सारे निवांत पाहणे होत नाही. म्हणून दिवाळीनंतरचा एखादा शनिवार-रविवार धरावा. भाईंदरहून महाडला एका दिवसात जाऊन येणे लहान मुलांना आणि वृद्धांना झेपणारे नाही. एका रात्रीचा मुक्काम गृहीत धरूनच खर्चाचा अंदाज काढावा लागेल. तो काढण्याचे काम आमच्याकडे आले आहे.