घाट उतरला की कारखान्यांची वाट

महाबळेश्वर : स्ट्रॉबेरी, मध आणि पर्यटन यांवर उभ्या असलेल्या महाबळेश्वर तालुक्यात मोठे कारखाने नाहीत. त्यामुळे दहावी उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना शेती, हॉटेल किंवा मुंबई-पुण्याची एसटी एवढेच पर्याय दिसतात. मात्र पसरणी घाट उतरून वाईमार्गे खंडाळा-शिरवळला गेले किंवा मेढ्यावरून सातारा गाठले, की औद्योगिक वसाहती लागतात. पुढे कऱ्हाडजवळ तासवडे आहे, सांगलीकडे कुपवाड व मिरज आहे. तेथे शिरण्याची रीतसर वाट म्हणजे उत्पादन तंत्रज्ञानाचे शिक्षण.

यंत्राचा एखादा भाग ठरलेल्या मापात, वेळेत आणि परवडणाऱ्या खर्चात हजारो वेळा कसा घडवायचा, हे या विषयात शिकविले जाते. समजा, शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर हवा आणि ड्रॉइंगमध्ये २४.९७९ ते २५.००० एवढीच मुभा दिली आहे. हा फरक माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी आहे. शाफ्ट जाड राहिला तर पुन्हा लेथवर चढविता येतो. बारीक झाला तर तो थेट भंगारात जातो. म्हणूनच ड्रॉइंग वाचणे आणि मायक्रोमीटरने अचूक माप घेणे ही या व्यवसायाची मुळाक्षरे ठरतात.

या भागाला ही परंपरा नवी नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत यांत्रिक रेखांकनाचे शिक्षक होते. त्यांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तिच्याशी झगडत त्यांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळरानावर, आजच्या सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी वसविली.

आज दहावीनंतर दोन मार्ग आहेत. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. दुसरा मार्ग तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेचा. आयटीआय झालेल्यांना पदविकेच्या आणि पदविकाधारकांना पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. पदवीसाठी सांगलीचे वालचंद महाविद्यालय (स्थापना १९४७) आणि कऱ्हाडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (१९६०) जवळच आहेत. म्हणजे पैशाअभावी आयटीआय निवडणाऱ्याचा पुढचा रस्ता बंद होत नाही.

अडचणीही लक्षात घ्यायला हव्यात. उमेदवारीतील विद्यावेतन तुटपुंजे असते. पाळ्यांमुळे रोज घाट चढणे-उतरणे कठीण जाते आणि खोली घेऊन राहावे लागते. हा खर्च पालकांनी आधीच धरलेला बरा.

प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेची इमारत पाहण्यापेक्षा तिची कार्यशाळा पाहावी. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यात किती तास यंत्रावर मिळतात, लेथ व सीएनसी यंत्रे चालू स्थितीत आहेत का आणि उमेदवारीसाठी कोणत्या कारखान्यांत पाठविले जाते, हे तीन प्रश्न विचारावेत. नोकरीच्या पहिल्या दिवशी वरिष्ठ प्रमाणपत्र बाजूला ठेवून हाती ड्रॉइंग देतात. ते वाचता आले, तरच पुढची वाट सोपी होते.