बक्षीस मोठं झालं की डोकं का हँग होतं?

आमच्या चारठाण्याकडं कापूस वेचणीचे पैसे किलोवर मिळतात. किलोमागं दर वाढवून दिला की वेचणी उरकते. सोयाबीन काढणीचं गुत्तं दिलं तरी तेच. जास्त पैसे, जास्त काम. पण हाच हिशोब गणित सोडवणाऱ्याला किंवा कोड लिहिणाऱ्याला लागतो का?

डॅन एरिअली आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं, तेही आपल्या देशात. तमिळनाडूत मदुराई भागातल्या ८७ ग्रामस्थांना त्यांनी सहा खेळ दिले: आकडे लक्षात ठेवणं, तुकडे चौकटीत बसवणं, असे. चांगला खेळलात तर प्रत्येक खेळाला काहींना ४ रुपये, काहींना ४०, काहींना ४००. म्हणजे सगळे मिळून कमाल २४०० रुपये. तेव्हाच्या ग्रामीण माणसाच्या जवळपास पाच महिन्यांच्या खर्चाइतके! ४ आणि ४० वाल्यांत फारसा फरक नव्हता. सगळ्यात वाईट खेळले ४०० वाले.

अमेरिकेत एमआयटीच्या विद्यार्थ्यांवर झालेला प्रयोग आणखी बोलका आहे. कीबोर्डवरची दोन बटणं आलटून-पालटून दाबायची, या कामात बक्षीस ३० वरून ३०० डॉलर केल्यावर वेग वाढला. बेरजेचं कोडं सोडवताना मात्र त्याच विद्यार्थ्यांची कामगिरी घसरली. हे सगळं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

(एरिअलींच्या एका वेगळ्या पेपरातला डेटा बनावट निघाला आणि तो २०२१ मध्ये मागे घेतला गेला. म्हणून एकट्या या प्रयोगावर विसंबू नये, असं माझं मत.)

कारण समजायला मोबाईलची रॅम डोळ्यांसमोर आणा. गणित करताना मधले आकडे डोक्यात धरावे लागतात आणि ही जागा थोडीच असते. ‘चुकलं तर एवढे पैसे गेले’ हे ॲप मागं चालू राहिलं की तीच जागा खातं. सायन बायलॉक आणि थॉमस कार यांना २००५ मध्ये दिसलं की दबावाखाली अवघड गणितांत जास्त घसरले ते ही जागा मोठी असलेलेच. सोप्या गणितांत कुणाचंच बिघडलं नाही. बटणं दाबायला किंवा कापूस वेचायला ही रॅम फारशी लागतच नाही.

याचा अर्थ पगार कमी द्या असा मुळीच नाही. तसा अर्थ काढणारे मॅनेजर भेटतात. पैशानं माणूस महिनोन्‌महिने मेहनत घेतो, अभ्यासाला बसतो. घोळ होतो तो ऐन कामाच्या क्षणी. सर्व्हर बंद पडलाय, कुणीतरी बग शोधतोय, तेव्हा पाठीमागं उभं राहून बोनसची आठवण करून देऊ नका. त्याला चहा आणून द्या.