पन्नाशीची, खडूस आणि खुनाच्या मागावर

नेटफ्लिक्सवर 'द थर्सडे मर्डर क्लब' आला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच: किती गोड म्हातारे! हेलन मिरेन माजी गुप्तहेर, पिअर्स ब्रॉस्नन माजी कामगार पुढारी, आपले 'गांधी' बेन किंग्सले मानसोपचारतज्ज्ञ, सीलिया इम्री परिचारिका. राजवाड्यासारख्या वृद्ध-वसाहतीत केक खात खात खुनाचा छडा. ज्यांना पाहायचा त्यांनी एव्हाना पाहिलाय, तेव्हा गोष्ट पुन्हा सांगत बसत नाही. माझी तक्रार एवढीच, की या चौकडीतलं कोणी मनापासून खडूस नाही. साठी-सत्तरी ओलांडलेली चार माणसं एकत्र राहतात आणि कोणी कोणाचा मत्सर करत नाही, खोटं बोलून नामानिराळं होत नाही, केस रंगवून तासभर आरशासमोर उभं राहत नाही. अशी माणसं मला तरी अजून भेटलेली नाहीत.

ज्यांना हा चित्रपट आवडला, त्यांना याच घराण्यातली एक थोरली बहीण भेटायला हवी. तिचं नाव अगाथा रेझिन. मेरियन चेस्नी या स्कॉटिश लेखिकेनं एम. सी. बीटन या टोपणनावानं १९९२ साली तिला जन्माला घातलं, तेव्हा अगाथाचं वय ५३ होतं. पुढं पंचवीसेक वर्षं ती मालिका लिहिली गेली, गावात मोबाइल आले, इंटरनेट आलं, पण बाई पन्नाशीच्या सुरुवातीलाच ठाण मांडून बसल्या. वय न वाढण्याची सवलत लेखिकेनं दिली, बाकी कुठलीच दिली नाही. अगाथाचा खुबा दुखतो आणि ते ती कोणाला कळू देत नाही. वरच्या ओठावर उगवणारे केस ती चोरून उपटते. डोळे अस्वलासारखे बारीक, बांधा आडवा, तोंडात सिगारेट, हातात जिन, आणि रात्रीचं जेवण म्हणजे मायक्रोवेव्हमध्ये गरम केलेला तयार डबा.

बर्मिंगहॅमच्या गरीब वस्तीत, दारुड्या आईबापांच्या घरात वाढलेली ही बाई लंडनच्या मेफेअर भागात स्वतःची जनसंपर्क कंपनी काढते, चालवते, भरपूर पैसे घेऊन विकते आणि लहानपणी सुट्टीत पाहिलेल्या कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत, कार्सली नावाच्या काल्पनिक खेड्यात घर घेते. मधाच्या रंगाचा दगड, गवताचं छप्पर, दारात फुलं. आणि मग कळतं, की इथं आपल्याला कोणी विचारत नाही. लोक हसून बोलतात, पण पाऊसपाण्याच्या पुढं गप्पा सरकत नाहीत. आयुष्यभर वर्तमानपत्रांच्या संपादकांना फोनवरून दमात घेणाऱ्या बाईला गावानं नुसतं सौजन्यानं मारलं.

म्हणून ती गावातल्या कीश-स्पर्धेत नाव देते. कीश म्हणजे अंडी, साय आणि भाजी भरून भट्टीत भाजलेली खारी पेस्ट्री. अगाथाला अंडं उकडता येतं की नाही इथपासून शंका. ती गाडी काढून सरळ लंडनला जाते, चेल्सीतल्या एका खास दुकानातून पालकाचा कीश घेते आणि आपलाच म्हणून मांडते. एवढ्यावर थांबत नाही. परीक्षकाला, म्हणजे कमिंग्ज-ब्राउन साहेबांना, बायकोसह आधीच जेवायला नेते. ते जोडपं आपल्या पसंतीच्या महागड्या ठिकाणी तिच्या पैशानं पोटभर जेवतं, आणि बक्षीस भलत्याच बाईला जातं. उरलेला कीश साहेब घरी नेतात, रात्री खातात आणि मरतात. पालकात काउबेन मिसळलेली असते: पाणथळ जागी उगवणारी, कोथिंबीर-गाजराच्या कुळातली विषारी वनस्पती. तिच्यातलं विष थेट मज्जासंस्थेवर जातं आणि माणूस झटके येऊन मरतो. पोलीस म्हणतात, दुकानदाराच्या पालकात चुकून आली असेल, अपघात. पण चौकशीत अगाथाची लबाडी उघडी पडते ती पडतेच. सगळ्या गावाला समजतं, की कीश विकतचा होता.

या मालिकेची सगळी गंमत मला इथं दिसते. अगाथा खुनाचा तपास सुरू करते ती न्यायाच्या चाडीनं मुळीच नाही. गेलेली अब्रू परत मिळवायला करते. हा खून ठरला तर विकतच्या कीशची गोष्ट मागं पडेल आणि चार लोक आपल्याशी नीट बोलतील, एवढाच तिचा हिशेब. एकटेपणावरचा उतारा म्हणून गुन्हेशोध. हे इतक्या उघडपणे फार थोड्या लेखकांनी मांडलंय, आणि तेही हसवत हसवत.

मूळ प्रसंग लेखिकेच्याच घरातला. मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांनी धर्मादाय विक्रीसाठी 'घरी केलेलं काहीतरी' द्या म्हणून सांगितलं. बीटनबाईंना भाजणंबिजणं येत नव्हतं, आणि मुलाची मान खाली जायला नको. त्यांनी दुकानातून दोन कीश आणले, वेष्टनं काढली, हातानं लिहिलेली चिठ्ठी चिकटवली आणि दिले पाठवून. लोकांनी वाखाणून खाल्ले. या भांडवलावर पहिली कादंबरी उभी राहिली, 'अगाथा रेझिन अँड द कीश ऑफ डेथ'.

बाई मूळच्या ग्लासगोच्या, जन्म १९३६ चा. आधी पुस्तकांच्या दुकानात नोकरी, मग नाट्यसमीक्षा, मग 'स्कॉटिश डेली एक्स्प्रेस'साठी गुन्हेवार्ता, मग लंडनच्या फ्लीट स्ट्रीट या वर्तमानपत्रांच्या गल्लीत मुख्य वार्ताहर. लग्नानंतर अमेरिकेत असताना रीजन्सी काळातल्या, म्हणजे १८११ ते १८२० या काळातल्या प्रेमकथा वाचून त्या चिडत: तपशील सगळे चुकीचे! नवरा म्हणाला, मग तूच लिही. त्यांनी निरनिराळ्या नावांनी शंभरावर लिहिल्या. १९८५ मध्ये स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला आळशी हवालदार हॅमिश मॅकबेथ आला, तो सदरलंडमधल्या मासेमारीच्या वर्गात सुचलेला. नंतर मुक्काम कॉट्सवोल्ड्समध्ये हलला आणि अगाथा आली. पुढं वर्षाला एक हॅमिश, एक अगाथा, असा रतीबच. ही गिरणी कशी चालते हे ज्यानं वर्तमानपत्रात रात्रपाळी केलीय त्याला समजावून सांगायला नको. वेळेत मजकूर द्यायचा, पहिल्या परिच्छेदात वाचक धरायचा, पाल्हाळ लावायचा नाही. दोनेकशे पानांत खून, प्रेमभंग आणि चार भांडणं उरकतात ती या शिस्तीमुळं.

अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलशी तुलना व्हायचीच. पण मार्पलआजी विणकाम करत कोपऱ्यात बसते, कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिला सगळं दिसतं. अगाथा खोलीत शिरली की भांडी आदळल्यासारखी कळते. ती धाक घालते, थापा मारते, नको ते विचारते, भलत्यावर आळ घेते. खुनी सापडतो तो बहुधा तिच्या हुशारीपेक्षा तिच्या आगाऊपणामुळं, कारण तिनं इतका पिच्छा पुरवलेला असतो की तोच वैतागून तिच्या अंगावर येतो. बिल वाँग नावाचा तरुण पोलीस तिला वेळोवेळी सावरतो. चर्चच्या धर्मगुरूची बायको मिसेस ब्लॉक्सबी ही तिची एकुलती एक खरी मैत्रीण. गावातल्या महिला मंडळात बायका एकमेकींना आडनावानंच हाक मारतात, जिवाभावाच्या मैत्रिणीसुद्धा. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या 'जोशीबाई, कुलकर्णीबाई'ची आठवण न झाली तरच नवल.

शिवाय शेजारचा निवृत्त कर्नल जेम्स लेसी आहे. याच्या मागं अगाथा इतकी वेडी, की खिडकीतून तो दिसला तर धावत जाऊन पावडर लावते. पाचव्या पुस्तकात, म्हणजे १९९६ च्या 'मर्डरस मॅरेज'मध्ये, लग्न ठरतं. ऐन लग्नात तिचा पहिला नवरा उगवतो. दारू पिऊन मेला असेल असं गृहीत धरून तिनं घटस्फोटच घेतलेला नसतो! त्याचा खून होतो आणि संशय कोणावर, हे सांगायला नको. विनोदाच्या आडून बीटन किती निर्दय होऊ शकतात ते या पुस्तकात कळतं.

'कोझी', म्हणजे रक्तपात न दाखवणारी हलकीफुलकी रहस्यकथा, हा शिक्का बीटनना अजिबात आवडत नसे. वाचायला सोपं ते लिहायलाही सोपं असणार, हा समज त्यात आहे असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. समीक्षकांनी या पुस्तकांकडं ढुंकून पाहिलं नाही, पण वाचनालयांचा हिशेब वेगळा होता. ब्रिटनमध्ये १९७९ च्या कायद्यानं लेखकाला सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक नेलं गेलं की दर वेळी काही पेन्स मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड. ही मर्यादा लोकप्रिय लेखकांनी सगळा पैसा नेऊ नये म्हणून. प्रौढांसाठी लिहिणाऱ्या ब्रिटिश लेखकांत वाचनालयातून सर्वाधिक नेली जाणारी लेखिका म्हणून बीटनचं नाव वर्षानुवर्षं घेतलं गेलं. महाराष्ट्रात १९६७ पासून ग्रंथालय कायदा आहे, शासनमान्य ग्रंथालयं अकरा हजारांहून जास्त आहेत, पण पुस्तक शंभर जणांनी नेलं तरी लेखकाच्या हाती छदाम पडत नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्यांचं तर सगळं आयुष्य फिरत्या वाचनालयांवर गेलं. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली. त्यांच्या झिजलेल्या प्रतींमागं काही पैसे ठरले असते, तर? असो, विषय लांबेल.

पडद्यावरची अगाथा मला फारशी रुचली नाही. २०१४ च्या नाताळात स्काय वाहिनीवर पहिला चित्रपट आला, मग २०१६ पासून मालिका. अ‍ॅशली जेन्सन उत्तम नटी, पण सडपातळ, सोनेरी केसांची आणि गोळ्या-चॉकलेटच्या रंगाच्या कपड्यांत. अस्वलाचे डोळे गेले, आडवा बांधा गेला, मत्सरही बराचसा गेला. रेडिओवर पेनेलोप कीथनं आवाज दिला होता, तो जास्त शोभतो. योगायोग असा, की बीटन जिथं राहत त्या ब्लॉकली गावात आता बीबीसीच्या 'फादर ब्राउन' या रहस्यमालिकेचं चित्रीकरण होतं, म्हणजे खून काही त्या गावाची पाठ सोडत नाहीत. इंग्लंड-वेल्समध्ये मिळून वर्षाला पाचशे-सहाशे माणसं मारली जातात. त्यातली किती कार्सलीच्या वाट्याला येतात, याचा हिशेब वाचकानं करू नये हेच बरं.

दोष आहेतच. चौदा पुस्तकांनंतर अगाथा स्वतःची गुप्तहेर संस्था काढते आणि हौशीपणा संपतो, त्याबरोबर थोडी चवही. नंतरच्या पुस्तकांत पात्रं येतात, मरतात, पान उलटतं. बीटन २०१९ च्या डिसेंबरअखेर गेल्या. त्यानंतर आर. डब्ल्यू. ग्रीन मालिका पुढं नेतात. कारागिरी नीट आहे, पण अगाथा जरा सभ्य झालीय.

मराठीत रहस्यकथेची परंपरा दांडगी. अर्नाळकरांचा झुंजार, शिरवळकरांचा दारा बुलंद, भागवतांचा फास्टर फेणे. सगळे तरणे नाहीतर पोरसवदा, आणि चपळ. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबऱ्या मधुकर तोरडमलांनी मराठीत आणल्या, लोकांनी वाचल्या. पण पन्नाशीची, पाळी थांबलेली, जिभेनं तिखट आणि आतून एकटी अशी मराठी हेर-बाई ठळकपणे डोळ्यांसमोर येत नाही. मुंबईतली नोकरी सोडून गुहागरला नाहीतर वाईला बंगला बांधणाऱ्या बायका तर कितीतरी आहेत, आणि गावचं महिला मंडळ, पाककृती स्पर्धा, हळदीकुंकू, जमिनीचे वाद, सगळा माल तयार आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनो, येत्या वर्षी एक पान जरा कमी ज्योतिषाला द्या आणि अशी एखादी बाई लिहून घ्या.

तोवर अगाथा वाचायची असेल तर पहिली पाच पुस्तकं क्रमानं वाचा, मधलं वगळू नका, कारण लेसी प्रकरण तुटतं. सहाव्यापासून हवं तेव्हा थांबलात तरी चालेल.