थंडीचे दिवस आणि धूरपेटी

घरांत धूर झाला कीं आई प्रथम खिडकी उघडते. डोळे चुरचुरणें, भिंती काळ्या पडणें, खोकला येणें, हे धुराचे उपद्रव आपणांस इतके परिचयाचे आहेत कीं, कोणी मुद्दाम पैसे खर्चून धूर करण्याची पेटी विकत घेतो असें सांगितल्यास हसूं येईल. तथापि अमेरिकेंत अशा पेट्या पुष्कळ घरांच्या मागील अंगणांत असतात. तिकडे तिला ‘स्मोकर’ म्हणतात. आपण धूरपेटी म्हणूं.

आमच्या शाळेचा एक जुना विद्यार्थी त्या देशाच्या उत्तरेस मिनेसोटा राज्यांत राहतो. गेल्या नाताळांत त्यानें एक छायाचित्र पाठविलें. गुडघाभर बर्फांत तो व त्याचे शेजारी एका लोखंडी पेटीभोंवतीं उभे आहेत, आणि तिच्या धुराड्यांतून निळसर धूर निघत आहे. चित्र वर्गांत दाखवितांच मुलांनीं विचारलें, “गुरुजी, एवढ्या थंडींत हे लोक पेटी घरांत कां नेत नाहींत?” प्रश्न साधा आहे; परंतु त्याचें उत्तर प्रत्येक घरानें जाणून घेण्याजोगें आहे.

धूर देऊन पदार्थ टिकविणें आपणांसही अगदींच नवें नाहीं. बियाण्याचीं मक्याचीं कणसें कीड लागूं नये म्हणून चुलीवरील आढ्याला टांगण्याची रीत खेड्यांत आहे. कोंकणांत ऊन भरपूर, म्हणून बोंबील उन्हांत वाळवितात. जेथें ऊन दुर्मिळ, तेथें लोकांनीं धुराचा आश्रय केला. धुरानें पदार्थाचा पृष्ठभाग सुकतो, आणि धुरांतील कांहीं द्रव्यें त्यावर बसून जंतूंची वाढ रोखतात. व्हर्जिनियांतील शेतकरी पूर्वीं थंडी पडल्यावरच डुकरें मारीत; कारण मीठ मुरेपर्यंत मांस नासूं नये ह्यासाठीं गार हवा लागे. मग तें मांस धूरघरांत टांगीत. विल्यम्सबर्ग येथें तशीं जुनीं धूरघरें आजहि पाहावयास मिळतात.

तेथें थंडी माणसाची मदतनीस होती. आजच्या धूरपेटींत मात्र मांस धुरावर शिजवावयाचें असतें, आणि म्हणून तीच थंडी विरोधक होते. पेटींतील उष्णता सुमारें 110 सेंटिग्रेड अंश ठेवून मोठा तुकडा दहा-बारा तास आंत ठेवितात. इतक्या मंद आंचेनें मांसांतील कोलॅजन नांवाचे चिवट तंतु विरघळून त्यांचें जिलेटिन होतें व मांस मऊ पडतें. जळण म्हणून कोळसा, आणि सुवासासाठीं ओक, हिकरी किंवा सफरचंदाचें लांकूड घालतात.

आतां थोडें गणित करूं. ऊन वस्तूंतून किती वेगानें उष्णता बाहेर जाते, हें मुख्यत्वें आंतील व बाहेरील उष्णमानांच्या अंतरावर अवलंबून असतें. उन्हाळ्यांत बाहेर 30 अंश असतां हें अंतर 80 होतें. हिवाळ्यांत शून्याखालीं 10 अंश असतां तें 120 होतें. म्हणजे पेटींतून दीडपट उष्णता वायां जाते, आणि तितकें जळण अधिक लागतें. त्यांत वारा सुटला तर विचारूंच नका. पेटीला लगटून असलेला गरम हवेचा पातळ थर वारा सारखा उडवून नेतो. बशींतील चहावर फुंकर घालणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको. म्हणून जाणते लोक पेटी भिंतीच्या किंवा कुंपणाच्या आडोशास, परंतु घरापासून दूर व उघड्यावर ठेवितात. पातळ पत्र्याच्या पेटीपेक्षां जाड लोखंडाची, किंवा जपानी ‘कामाडो’सारखी जाड मातीच्या भिंतीची पेटी उष्णता अधिक धरून ठेवते.

दुसरा नियम झांकणाचा. तें उघडतांच सांठलेली उष्णता क्षणांत निघून जाते, व ती पुन्हां भरून येण्यास बराच वेळ लागतो. म्हणून डोकावण्याचा मोह आवरावा. घड्याळावर भिस्त न ठेवतां मांसांत खुपसावयाच्या उष्णतामापकावर ठेवावी. कोंबडीच्या मांसाचा गाभा 74 अंशांवर गेल्याशिवाय तें खाऊं नये. लांकूड कोरडें असावें. ओलें लांकूड आपली बरीचशी उष्णता स्वतःतील पाण्याची वाफ करण्यांतच खर्च करतें, आणि त्याचा दाट पांढरा धूर मांसास कडवट करतो. विरळ, निळसर धूर ही चांगल्या विस्तवाची खूण होय.

ज्यांस पेटी हिवाळाभर बंद ठेवावयाची आहे, त्यांनीं प्रथम राख काढावी. राख हवेंतील ओल शोषते, आणि ओली राख लोखंड खाते. परंतु राखेखालीं निखारे कित्येक तास जिवंत राहतात; सबब ती झांकणाच्या धातूच्या बादलींत भरून घरापासून दूर ठेवावी. चरबी खरवडून काढावी, नाहींतर बुरशी चढते व उंदीर येतात. जाळीला तेलाचा हात फिरवावा. पाण्याचें भांडें रिकामें करावें. कारण पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें व भांडें फोडतें. पेटी पूर्ण कोरडी झाल्यावरच तिच्यावर आच्छादन घालावें. ओलीवर घातल्यास आच्छादन गंजाचेंच रक्षण करील.

आतां मुलांच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. थंडीनें कांकडलेल्या माणसास वाटतें कीं, पेटी मोटारीच्या खोलींत नेली व दार अर्धें उघडें ठेवलें तर काय बिघडलें? बिघडतें तें असें. कोळसा जळतांना कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षां ह्या वायूस दोनशेंहून अधिक पटींनीं घट्ट धरून ठेवतें. त्यामुळें श्वास चालू असतांहि शरीर प्राणवायूस मुकतें. प्रथम डोकें दुखतें, मग चक्कर, ओकारी व गुंगी येते. आणि गुंगी आलेला मनुष्य दारापर्यंत जाऊं शकत नाहीं. अर्ध्या उघड्या दारानें हा धोका टळत नाहीं.

हें सर्व दूरदेशचें आहे असें समजून कोणीं पान उलटूं नये. मी सात-आठ वर्षांचा असतांना घाटावरील एका लहान गांवीं आम्ही राहत असूं. पौषांतील एका रात्रीं शेजारच्या आजीबाईंनीं नातवाला थंडी बाधूं नये म्हणून कोळशाची शेगडी खोलींत घेतली, खिडकी लावली आणि दाराच्या फटींत चिंध्या कोंबल्या. सकाळीं हांका मारून उत्तर येईना, तेव्हां माझ्या वडिलांनीं दार फोडलें. नातू उघड्यावर आणल्यावर शुद्धीवर आला. आजीबाई आल्या नाहींत. खोलींत धुराचा मागमूसहि नव्हता. निखारे लाल, स्वच्छ होते. “धूर असता तर म्हातारी जागी झाली असती,” असें माझी आई पुढें अनेकदां म्हणे.

त्या वाक्याचा अर्थ मला रसायनशास्त्र शिकल्यावर कळला. धूर डोळ्यांस झोंबतो, म्हणून माणूस उठून खिडकी उघडतो. ज्या निखाऱ्यांस धूर नाहीं त्यांस आपण निर्धोक समजतों, आणि तेथेंच फसतों. बाळंतिणीच्या खोलींत शेक-शेगडीसाठीं दारें-खिडक्या बंद करण्याची चाल अद्यापि कित्येक घरांत आहे. पालकांस माझी विनंति आहे कीं, शेक होतांच शेगडी बाहेर न्यावी, ती पेटती असेपर्यंत खिडकी उघडी ठेवावी, आणि पेटती शेगडी जवळ घेऊन कोणींहि निजूं नये. कोणास गुंगी आलेली दिसल्यास त्यास प्रथम मोकळ्या हवेंत आणावें व तात्काळ डॉक्टरांस बोलवावें.

आमचा तो विद्यार्थी बर्फांत कुडकुडत उभा राहतो तो कांहीं हौसेखातर नव्हे. घरांत ऊब आहे, मुलें निजलीं आहेत. आणि विस्तव जेथें असावयास पाहिजे तेथें, म्हणजे बाहेर आहे. मुलांनो, आज घरीं गेल्यावर हें आपल्या आजीला अवश्य सांगा.